दाढीवाली

कायद्यात फक्त दाढी लिहिली आहे.
वसंतातल्या तीन आठवड्यांत
छातीवर दाढी दिसेल तो पक्षी मारावा,
नर की मादी, कागद विचारत नाही.
शंभरातल्या चारदोन माद्यांनाही ती असते,
बुटाच्या तुटक्या नाडीएवढी.

ती ओकच्या उतारावरून आली, धुक्यात, पावणेसातला.
मी झाडाला पाठ टेकून बसलेली,
जिभेवर रबराची पट्टी,
मादीच्या आवाजात नराला बोलावत होते.
मादीच आली.
कोण नवीन आलीय आपल्या रानात,
हे बघायला आली असावी.

मला दाढी दिसली.
डोकंही दिसलं, निळसर करडं; लाल नव्हे.
खोटं कशाला सांगू?
दोन्ही दिसलं,
आणि घोडा दाबला गेला नाही, मी दाबला.

हर्शेलच्या दुकानात
गळ, काडतुसं आणि सकाळची कॉफी दुपारीही मिळते.
हर्शेल म्हणाला, मादी मारणारा बियाणं दळून खातो.
तो नऊ वर्षांचा असताना ओझार्कच्या या डोंगरांत
टर्की उरलीच नव्हती.
सरकारी ट्रकमधून खोकी आली,
शाळा सुटली त्या दिवशी ती बघायला.
तीन नर, अकरा माद्या.
अकरा, असं म्हणून तो दोन्ही पंजे उघडतो,
एक बोट कमी पडतं,
तेव्हा कपाळाने काउंटर ठोकतो.

ड्वेन हसला. ऑक्टोबरात मादी चालते ना तुला?
पानगळीत मेलेली
पुढच्या एप्रिलात अंडी घालायला येते काय?

ओपल टॅकेट पिठाची पिशवी खांद्यावर टाकत म्हणाली,
रॅकून रात्रीत घरटं साफ करतो,
त्याचं लायसन्स कोण तपासतं?
माझ्या फ्रीजरला नर-मादी कळत नाही,
आणि नवरा गिरणीतून हात गमावून आलाय.

वनखात्याचा पोरगा, नुकताच शिकून आलेला, म्हणाला,
जूनचा गार पाऊस बंदुकीपेक्षा जास्त पिल्लं मारतो.
मग थोडं थांबून,
पण पाऊस आपल्या हातात नाही, म्हणाला,
आणि कॉफीत साखर ढवळत राहिला
साखर विरघळून गेली तरी.

सगळेच खरं बोलत होते.
माझ्यापाशी बोलायला एक गोष्ट होती
आणि ती मी शर्टाच्या खिशात धरून उभी होते.

कारण पहाटेचा पक्षी मी शेडमध्ये सोलला होता.
पोटात हात घातला तर पिवळे मणी,
मोहरीपासून जर्दाळूपर्यंत
एकामागून एक, आपापली पाळी धरून.
आणि सगळ्यांच्या पुढे, दाराशी,
कवच चढलेलं एक पूर्ण अंडं,
फिकट, तपकिरी ठिपक्यांचं,
माझ्या तळव्याहून गरम.
आणखी तासाभरात ते गवतात असतं.

छातीचं मांस मी लोण्यात तळलं. खाल्लं.
चांगलं लागलं. हेही सांगायला हवं.

अंडं शेजारच्या लोरेटाच्या खुडूक बँटमखाली ठेवलं.
रानातलं अंडं घरी उबवायला परवानगी नाही,
मारायला होती.
बँटमने त्याच्याकडे एकदा तिरकं पाहिलं,
पंख फुगवले,
आणि मोठं असूनही आत ओढून घेतलं.

लोरेटा रोज कुंपणावरून विचारते, काही कळलं का?
टॉर्चवर धरलं तर आत कळतं,
लाल रेषा दिसतात, किंवा नुसतं पिवळं पाणी.
आज एकोणिसावा दिवस.
टॉर्च माझ्या खिशात आहे,
सेलही नवे घातलेत.

हर्शेल काल म्हणाला, हल्ली गप्प असतेस.
मी म्हटलं, दात दुखतोय.
त्याने लवंगेचं तेल दिलं, पैसे घेतले नाहीत.